ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचा गुणगुणाट संगणकावर काढताना: जानेवारीत बरोबर, मे महिन्यात चूक

सोलापुरात आवाजाचा विषय निघाला की आधी यंत्रमाग आठवतो. पण मागाच्या शेडसाठी पुढची पद्धत वापरू नका. धोट्याचा फटका म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारतांचा मारा. डोक्यावरच्या पन्हळी पत्र्यात तेव्हा शेकडो कंपनप्रकार (पत्रा ज्या ठरावीक आकारांत डोलू शकतो ते) एकदम जागे होतात आणि त्यांचा एकेक हिशेब मांडण्यात अर्थ नसतो. तिथे ऊर्जेची सरासरी धरून चालणारी पद्धत बरी. इथे सांगतोय ते मोठ्या, बंद आणि ठरावीक सुरात गुणगुणणाऱ्या वस्तूंबद्दल. उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरची टाकी हे त्याचं नेमकं उदाहरण.

हिशेबासाठी एक टाकी धरू: ५ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३ मीटर उंच. पत्रा ८ मिलिमीटरचा, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या वेल्ड करून पडलेले ६० × ६० सेंटिमीटरचे चौकोन. आत कोर, वाइंडिंग आणि तेल. काम दोन टप्प्यांत होतं. आधी पत्रा कुठे किती हलतो ते काढायचं, मग त्या हलण्यातून बाहेर किती आवाज जातो ते काढायचं. पहिल्या टप्प्याला फायनाइट एलिमेंट (एफईएम), म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून हिशेब करणारी पद्धत; दुसऱ्याला बाउंडरी एलिमेंट (बीईएम), म्हणजे फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडणारी. फुकटात करायचं असेल तर मेशसाठी (तुकड्यांच्या जाळीसाठी) जीमेश, पत्रा आणि तेलासाठी कोड-अ‍ॅस्टर आणि हवेसाठी बेम्प हे त्रिकूट पुरतं.

कोणते सूर मोजायचे

वीज ५० हर्ट्झची, पण कोरचे पत्रे प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणले-आखडले जातात, म्हणून मूळ सूर १०० हर्ट्झचा. त्याच्यावर २००, ३००, ४०० असे सूर चढत जातात. ५० किंवा १५० हर्ट्झचा सूर ठळक दिसला तर कोरमध्ये डीसी घुसतोय का ते आधी पाहा.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं, तेव्हापासून सगळ्या देशाचा ठोका एकच आहे. ग्रिडची ठरवून दिलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ, म्हणजे आपला सूर साधारण ९९.८ ते १००.१ च्या बाहेर फारसा जात नाही. सूर जागचा हलत नाही. हलतात त्या आपल्या मॉडेलमधल्या नैसर्गिक वारंवारता, आणि त्या सहज ५ टक्क्यांनी चुकतात. म्हणून फक्त १०० वर गणित करून थांबू नका. ९५ ते १०५ पूर्ण पट्टा काढा आणि त्यातला वाईटात वाईट आकडा जवळ ठेवा.

वरचे सूर सोडू नका. आवाजाचे नियम डेसिबल-एमध्ये बोलतात आणि ए-वेटिंग (कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात त्याची दुरुस्ती) १०० हर्ट्झला १९ डेसिबल कापतं, ४०० ला जेमतेम ५. समजा १०० हर्ट्झची ध्वनिशक्ती-पातळी ९५ डेसिबल आणि ४०० ची ८३. कागदावर १०० मोठा. वेटिंगनंतर १०० चे उरतात ७६ आणि ४०० चे ७८. ६०० हर्ट्झपर्यंत जायची तयारी ठेवा.

हवा सोलापूरची भरा

सॉफ्टवेअरमध्ये हवा आधीच भरलेली असते: वेग ३४३ किंवा ३४०, घनता १.२ च्या आसपास. ती समुद्रकाठची, थंड हवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ वर असतो. तेव्हा आवाजाचा वेग ३५६ मीटर प्रतिसेकंद, घनता सुमारे १.०६. जानेवारीच्या रात्री १६ अंशाला ३४१ आणि १.१६. पातळीत यामुळे पाव-अर्ध्या डेसिबलचाच फरक पडतो, म्हणून लोक हा आकडा बदलायचा कंटाळा करतात. खरी गंमत पातळीत नाही, वेगात आहे. ती पुढे येईलच.

पत्रा आणि तेल

इथे सगळ्यात महागडी चूक होते ती तेल विसरण्याची. ८ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ६३ किलो भरतो. ६० सेंटिमीटरचा चौकोन पहिल्या प्रकारात डोलतो तेव्हा त्याच्यासोबत चौरस मीटरला जवळपास १२० किलो तेल डोलतं. म्हणजे पत्र्यापेक्षा पाहुणाच जड.

हाताने करून पाहा. कडा बिजागरीवर टेकल्यासारख्या धरल्या तर कोरड्या चौकोनाची पहिली वारंवारता १०९ हर्ट्झ येते. हा आकडा पाहून माणूस घाबरतो, '१०० च्या जवळ आलं' म्हणतो आणि पट्ट्या वाढवून चौकोन ५० सेंटिमीटरचा करतो. कोरडं गणित आता १५७ दाखवतं, सगळे खूश. प्रत्यक्षात तेलासकट पहिला चौकोन ६४ वर होता, म्हणजे सुरक्षित. नवा चौकोन तेलासकट येतो ९८ वर. शांत टाकी पैसे खर्चून गुणगुणती केली.

खऱ्या कडा बिजागरीपेक्षा घट्ट असतात, त्यामुळे खरे आकडे वर सरकतील, पण तेल किती ओढतं याचा अंदाज हाच. ६० च्याच चौकोनाचा दुसरा प्रकार कोरडा २७३ वर, तेलासकट १८५ वर येतो. म्हणजे २०० वरही नजर हवी.

तेल नुसतं वजन म्हणून पत्र्याला चिकटवू नका, त्याचे ध्वनी एलिमेंट भरा. घनता ८७५ च्या आसपास, वेग थंड तेलात १,४०० च्या घरात आणि तापलं की दीडशेने कमी. ५ मीटर लांबीत १,३०० च्या वेगाने अर्धी लाट १३० हर्ट्झला बसते. तेलालाही स्वतःचे सूर असतात, ते वजनाने दिसत नाहीत. डॅम्पिंग (कंपन विरत जाणं) १ ते २ टक्के लॉस फॅक्टर धरून सुरुवात करा. पट्ट्या शेल (पातळ पत्र्याच्या) एलिमेंटने काढताना त्यांचा ऑफसेट (पत्र्याच्या मध्यापासूनचं अंतर) द्यायला विसरलात तर पट्टी पत्र्याच्या मध्यरेषेवर बसते आणि तिचा ताठरपणा एकदम पडतो.

मेशचं माप हवेतल्या लाटेवरून नाही, पत्र्यातल्या वाकणाऱ्या लाटेवरून ठरवा. तेलासकट ८ मिलिमीटरच्या पत्र्यात ही लाट १०० हर्ट्झला ७० सेंटिमीटर, ६०० ला ३२. एका लाटेत ८ साधे एलिमेंट म्हणजे ६०० साठी ४ सेंटिमीटरची जाळी.

कंपन: मोजलेलं बरं

कोरचे पत्रे, त्यांचं क्लॅम्पिंग, वाइंडिंगवरचा दाब हे सगळं मॉडेल करून बळ काढता येतं, पण अंदाजावर अंदाज चढतो. टाकी उभी असेल तर कंपन मोजा आणि मॉडेलला जोडा.

एक अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) एकाच जागी कायम ठेवायचा, दुसरा फिरवायचा. पहिल्याशिवाय फेज (कोणता बिंदू कोणाच्या पुढे-मागे हलतो ते) मिळत नाही, आणि फेज नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. चुंबकी पायाने चिकटवला तर ६०० हर्ट्झपर्यंत चिंता नाही. रंगाचा जाड पोपडा मात्र खरवडा. १० सेकंदांचे तुकडे घ्या म्हणजे वारंवारतेच्या रेषा ०.१ हर्ट्झच्या अंतराने येतात, आणि सुराची उंची नीट यावी म्हणून विश्लेषणात फ्लॅटटॉप विंडो लावा. पूर्ण फेरी दोन-तीन तासांत संपवा. रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, टॅप बदलतो, आणि सकाळचे बिंदू रात्रीच्या बिंदूंशी जुळत नाहीत.

बिंदू किती? १०० हर्ट्झच्या अर्ध्या लाटेत तीन बिंदू धरले तर १२ सेंटिमीटरची जाळी आणि चार भिंतींच्या ४२ चौरस मीटरवर जवळपास २,९०० बिंदू. एवढे कोणी मोजत नाही. त्याऐवजी एफईएममधून ३०–४० कंपनप्रकार काढा, ८०–१२० बिंदू मोजा आणि मोजलेलं त्या प्रकारांच्या बेरजेत बसवा. बिंदू प्रकारांच्या दुप्पट तरी हवेत. सगळे पट्ट्यांवर घेऊ नका. तिथे सेन्सर चिकटवायला सोपा असतो, पण हालचाल चौकोनाच्या पोटात असते.

चालू ट्रान्सफॉर्मरजवळ परमिट घेऊनच जायचं. मोजमाप फक्त अर्थिंग केलेल्या टाकीच्या खालच्या भिंतींवर. झाकणावर चढायचं नाही, तिथलं कंपन मॉडेलकडून घ्या.

पत्र्याकडून हवेकडे

नुसती कंपनाची सरासरी घेऊन 'एवढं हलतं म्हणजे एवढा आवाज' असं केलं तर चालणार नाही का? नाही. ८ मिलिमीटरच्या पत्र्यातली लाट हवेतल्या लाटेपेक्षा सुमारे १,५०० हर्ट्झपर्यंत आखूडच असते. शेजारचे दोन पट्टे उलटसुलट हलतात, एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो, आणि बाहेर जातो तो कडा-कोपऱ्यांवरचा उरलासुरला आवाज. हा वाटा म्हणजे विकिरण गुणांक. तो १ धरला तर उत्तर १० डेसिबलनेही फुगू शकतं.

अंदाजासाठी: ४२ चौरस मीटर, पत्र्याचा वेग १ मिलिमीटर प्रतिसेकंद आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), हवेचा रोध (घनता गुणिले आवाजाचा वेग) ३८०, गुणांक ०.२ धरला तर शक्ती ३.२ मिलिवॉट, म्हणजे ९५ डेसिबल. बीईएमचं उत्तर यापासून फार लांब गेलं तर आधी संशय बीईएमवर.

बीईएमची जाळी हवेपुरती म्हणाल तर ६०० हर्ट्झला ९–१० सेंटिमीटरची चालते. पण तिच्यावर पत्र्याचा नमुनाही बसायचा असतो. १६ सेंटिमीटरच्या अर्ध्या लाटेवर १० सेंटिमीटरचा एलिमेंट टाकला तर अधिक-उणे त्याच्या पोटातच पुसलं जातं. म्हणून ५ सेंटिमीटर. चार भिंती आणि झाकण मिळून ५२ चौरस मीटर, म्हणजे २०,८०० एलिमेंट, आणि पूर्ण मॅट्रिक्सला जवळपास ७ जीबी मेमरी. हीच जाळी १० सेंटिमीटरची केली तर अर्धा जीबीसुद्धा लागत नाही, अडीचची केली तर ११० जीबी. जाळी निम्मी केली की मेमरी सोळापट. १०० आणि २०० हर्ट्झला १० सेंटिमीटरची, वरच्या सुरांना ५ सेंटिमीटरची अशा दोन जाळ्या ठेवल्या की साध्या मशीनवर काम निघतं.

जमीन कडक धरा आणि तिची आरशातली प्रतिमा वापरा. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर टाकीचीच खाली उलटी जोडी काढावी लागते, एलिमेंट दुप्पट होतात.

मे महिन्यातला खोटा आकडा

आता वेगाची गोष्ट. बाहेरच्या आवाजासाठी लिहिलेलं साधं बीईएम काही ठरावीक वारंवारतांना फसतं. त्या वारंवारता कंपनाच्या नसतात, तेलाच्याही नसतात. टाकीच्या पृष्ठभागाच्या आत तेलाऐवजी हवा भरली आणि कडेवर दाब शून्य धरला तर त्या काल्पनिक खोलीचे जे सूर होतील ते हे. निसर्गात त्यांना काही अर्थ नाही. पण त्या सुरांवर समीकरणाला एकमेव उत्तर राहत नाही आणि संगणक त्यातलं कुठलंतरी एक, निमूटपणे, चार दशांशांसकट छापून देतो.

आपली टाकी थेट जमिनीवर टेकलेली धरली तर प्रतिमेसकट खोली ५ × २ × ६ मीटरची होते. तिचा पहिला सूर काढा: वेगाचं निम्मं, गुणिले १/५, १/२ आणि १/६ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. ते वर्गमूळ ०.५६४ येतं. जानेवारीच्या रात्री, ३४१ च्या वेगाला, उत्तर ९६ हर्ट्झ. मेच्या दुपारी, ३५६ ला, १००.३ हर्ट्झ.

म्हणजे जानेवारीत तपासून 'छान जुळलं' म्हणून ठेवलेलं मॉडेल फक्त तापमान बदलून मे महिन्यासाठी चालवलं की नेमकं १०० हर्ट्झवर बिघडतं. पत्रा तोच, कंपन तेच. आणि शंका जाते ती उन्हाने तापलेल्या तेलावर!

टाकी रोलरवर उचललेली धरली, तळाचा पत्राही घेतला, तर खोली ५ × २ × ३ ची होते आणि पहिला सूर १०८ ते ११३ मध्ये जातो. वाचलो, पण योगायोगाने. २०० च्या वर असे सूर इतके दाट असतात की चुकवणं जमत नाही.

उपाय दोन. पहिला शेंक या संशोधकाचा, १९६८ चा: टाकीच्या आत काही बिंदू घ्यायचे, तिथे दाब शून्य असलाच पाहिजे अशी जादा समीकरणं टाकायची आणि सगळं लघुतम वर्गाने सोडवायचं. १००–२०० हर्ट्झला ८–१० बिंदू पुरतात. ते बरोबर मध्यावर किंवा समान अंतरावर मांडू नका. त्या काल्पनिक खोलीच्या लाटेचा शून्य-पृष्ठ नेमका तिथूनच गेला तर बिंदू असून नसल्यासारखा. दुसरा उपाय बर्टन आणि मिलर यांचा, १९७१ चा: मूळ समीकरणात त्याचंच लंबदिशेचं विकलन एका काल्पनिक (√−१ असलेल्या) गुणकाने मिसळायचं. तो गुणक लहरसंख्येच्या (२π भागिले लाटेची लांबी) व्यस्तात घ्या. चिन्ह तुमच्या सॉफ्टवेअरच्या काळाच्या संकेताशी (कंपन लिहिताना घातांकात +iωt की −iωt) जुळलं पाहिजे. उलटं पडलं तर प्रोग्राम चालतो, उत्तरही येतं, फक्त ते चूक असतं. ३०० च्या वर हाच वापरा.

तपासणी, जी टाळली जाते

खरं कंपन भरण्याआधी एक खोटा स्रोत भरा. टाकीच्या आत, मध्यापासून बाजूला, समजा जमिनीपासून १.१ मीटरवर एक बिंदू-स्रोत धरा आणि जमिनीखाली त्याची प्रतिमा. त्याचं बाहेरचं क्षेत्र सूत्राने माहीत आहे. त्याच सूत्राने टाकीच्या प्रत्येक एलिमेंटवरचा लंब वेग काढा, तो बीईएमला द्या आणि १० मीटरवरचा दाब मागा. सूत्राशी फरक पाव डेसिबलच्या आत हवा. ९५ ते १०५ हर्ट्झ पाव हर्ट्झच्या पायरीने चालवा, कारण खोटा सूर अरुंद असतो आणि १ हर्ट्झच्या पायरीतून निसटतो. आलेखावर काटा उभा राहिला की ओळखा. ही परीक्षा लंबांच्या दिशाही (एलिमेंटची बाहेरची बाजू कोणती ते) तपासते: एखाद्या भिंतीचे लंब आत वळलेले असतील तर इथेच उघडं पडतं.

खऱ्या कंपनानंतर उत्तर मोजमापाशी जुळलं नाही तर फरक किती डेसिबलचा आहे ते पाहा, बहुतेकदा तो स्वतःच नाव सांगतो. ३ चा फरक: कुठेतरी शिखर आणि आरएमएसची अदलाबदल. ६ चा: जमिनीची प्रतिमा राहिली किंवा दोनदा आली. १६ चा: त्वरणावरून वेग काढताना २π सुटला. २० ला किंचित कमी: त्वरण g (गुरुत्वत्वरण) मध्ये होतं, ९.८१ ने गुणलं नाही. ६० चा: मिलिमीटर आणि मीटर. फरक कुठल्याच आकड्यात बसत नाही आणि दिशेनुसार बदलतो, तर एफईएम आणि बीईएमचे काळाचे संकेत उलटे असतात. सगळ्या वेगांची संयुग्मी संख्या (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं) घेऊन पुन्हा चालवा.

मोजमापाशी जुळवणी

ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकाच्या (क्रमांक आयएस २०२६) भाग १० प्रमाणे पंखे बंद असताना टाकीपासून ०.३ मीटरवर, पंखे चालू असताना २ मीटरवर मोजतात. आपली टाकी अडीच मीटरपेक्षा उंच, म्हणून उंचीच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा दोन रांगा. पंखे बंद करूनच जुळवा. त्यांचा आवाज या मॉडेलमध्ये नाही. बिंदूला बिंदू जुळण्याची अपेक्षा ठेवू नका. पत्र्यापासून ३० सेंटिमीटरवर दाब हातभर सरकलं तरी बरेच डेसिबल बदलतो. सगळ्या बिंदूंच्या ऊर्जेची सरासरी २–३ डेसिबलच्या आत आली तर मॉडेल पास.

दोन ट्रान्सफॉर्मरमधली आगरोधक भिंत मॉडेलमध्ये घ्या. १०० हर्ट्झची अर्धी लाट पावणेदोन मीटर असते, भिंत टाकीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर उभी, आणि मधल्या गल्लीत दाब स्थिर लाटेसारखा साचतो. भिंत नसलेलं मॉडेल गल्लीत कमी दाखवेल आणि तुम्ही विनाकारण कंपनाचे आकडे ओढत बसाल.

कुंपणाबाहेर वस्ती असेल तर २००० सालच्या ध्वनी नियमांचा आकडा धरा: निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० नंतर ४५ डेसिबल-ए. वरचा ९५ डेसिबलचा १०० हर्ट्झचा सूर कडक जमिनीवरून ५० मीटरवर ५३ डेसिबल होतो, वेटिंगनंतर ३४. ७८ वाला ४०० हर्ट्झचा सूर तिथे ३६. दोन्ही मिळून ३८ च्या आसपास, नियमात बसतं. जानेवारीत जमिनीलगत थंड थर साचला की आवाज खाली वाकून येतो आणि हाच आकडा वर चढतो. तेव्हा बीईएमचं उत्तर कुंपणापर्यंतच वापरा आणि पुढच्या अंतरासाठी वारा-तापमानाचा थर घेणारं वेगळं गणित लावा.